कालवे न्यासाकडे सोपवताना सरकारने काय दिलं आणि काय तुटपुंजं ठेवलं

प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या एका पाणी वापर संस्थेच्या कार्यकर्त्यांचा आहे. ते विचारतात: ‘ब्रिटनमध्ये सरकारने २०१२ मध्ये देशातले कालवे एका धर्मादाय न्यासाकडे दिले असं वाचलं. आमच्याकडेही कालव्याची वितरिका, म्हणजे मुख्य कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारी शाखा, आमच्या संस्थेच्या ताब्यात आली आहे. त्यांचं जमलं का? जमलं असेल तर कशाच्या जोरावर? आणि आता जबाबदारी कोणाची?’

जमलं, असं मी म्हणेन. पण देणग्या आणि लोकसहभाग यांच्या जोरावर जमेल अशी जी हवा तेव्हा होती, तिचा त्यात वाटा लहान आहे. ते जमलं हातात दिलेल्या मालमत्तेच्या आणि १५ वर्षांच्या लेखी कराराच्या जोरावर. तो करार २०२७ मध्ये संपतो, आणि पुढचं जे ठरलं आहे ते पाहून मला मनापासून काळजी वाटते. मी इंग्लंडमध्ये कालव्यांचे जुने मातीचे भराव आणि त्यांना पाणी पुरवणारी छोटी धरणं तपासण्याचं काम करतो. हस्तांतरणाच्या आधीही करत होतो, नंतरही करतो. त्यामुळे माझं उत्तर मातीच्या आणि पैशाच्या बाजूने येईल.

आधी एक फरक लक्षात घ्या. तुमचा कालवा शेताला पाणी देतो. इकडचे कालवे मालवाहतुकीसाठी खणले गेले, बहुतेक सगळे १७६० ते १८३० या काळात. कोळसा, चिनी मातीची भांडी, लोखंड यांनी भरलेली अरुंद लांब बोट काठावरून चालणारा घोडा ओढत नेई. चढ आला की लॉक असे, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी चढवून किंवा उतरवून बोट वरखाली नेण्याची सोय. दर वेळी लॉक उघडलं की वरचं पाणी खाली जातं, म्हणून डोंगरात धरणं बांधावी लागली. कालव्याच्या तळाला आणि कडेला चिकणमाती कुटून थर दिला. सगळं हाताने, फावड्याने. ती चिकणमाती अजून पाणी धरून आहे, आणि अजून आम्ही तिच्यावर विसंबून आहोत.

रेल्वे आली आणि धंदा हळूहळू गेला. १ जानेवारी १९४८ ला रेल्वेबरोबरच बहुतेक कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९६३ पासून ते ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळाकडे होते. १९६८ च्या वाहतूक कायद्याने त्यांचे तीन वर्ग पाडले: व्यापारी, सहलीचे आणि ‘उरलेले’. उरलेल्यांवर कमीत कमी खर्च करायचा असं धोरणच होतं, आणि त्यातले कित्येक बुजले, सुकले, त्यांच्यावरून रस्ते गेले. जे वाचले ते हट्टी माणसांमुळे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने आणि तिच्या मागून आलेल्या शेकडो स्थानिक मंडळांनी रविवारी कुदळ-फावडी घेऊन गाळ उपसला, लॉकची दारं बसवली, आणि सरकारला कालवा सोडून देणं राजकीयदृष्ट्या अवघड करून टाकलं. हे लोक नसते तर पुढे सोपवायला फारसं काही उरलंच नसतं.

याच काळातली एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण २०१२ ची चर्चा करणारे तिला सहसा विसरतात. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याचा दक्षिणेकडचा, सुमारे २१ किलोमीटरचा भाग बंद करण्याच्या बेतात होता. १९६० मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या मोठ्या धर्मादाय संस्थेने भाडेपट्ट्यावर घेतला. स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदी यांच्या श्रमांनी तो दुरुस्त झाला, आणि जुलै १९६४ मध्ये राजमातेच्या हस्ते पुन्हा खुला झाला. देशभर कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण १९८८ मध्ये नॅशनल ट्रस्टने तो ब्रिटिश वॉटरवेजकडे, म्हणजे सरकारकडे, परत दिला. कालवा उघडण्यासाठी माणसं मिळाली होती. तो दरवर्षी, कोणाचं लक्ष नसताना, चालू ठेवण्यासाठी लागणारा पैसा त्या एका कालव्यातून कधीच उभा राहिला नाही. याच संस्थेकडे वे नदीचा सुमारे ३२ किलोमीटरचा जलमार्ग १९६० च्या दशकापासून आजही आहे, म्हणजे संस्था नालायक होती असं कोणी म्हणू नये. एका ठिकाणी उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ बसला, दुसऱ्या ठिकाणी बसला नाही. न्यासाचं सगळं गणित या दोन उदाहरणांत आहे.

मग सरकारकडे असताना काय वाईट चाललं होतं? तुम्हाला ‘मार्च एंड’ समजावून सांगायला नको. इकडेही सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. कालव्याची मोठी दुरुस्ती हिवाळ्यात होते, नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, कारण उन्हाळ्यात बोटी चालू असतात. म्हणजे वर्षाचा पैसा संपण्याची तारीख बरोबर दुरुस्तीच्या हंगामाच्या शेपटाशी. एखाद्या हिवाळ्यात पूर आला, लॉकमधलं पाणी उपसता आलं नाही, काम पुढे ढकललं, तर पुढच्या वर्षी तो पैसा मिळेलच याची खात्री नसायची. शंभर-दीडशे वर्षं टिकणाऱ्या भरावाचं नियोजन बारा महिन्यांच्या पैशावर करणं हा तांत्रिकदृष्ट्या मूर्खपणा आहे, आणि तो आम्ही सगळे शिस्तीत करत होतो.

त्यातून २००६ आलं. शेतकऱ्यांना द्यायची युरोपीय अनुदानं वाटण्यात सरकारी यंत्रणेचा मोठा घोळ झाला, त्याचा बोजा पर्यावरण खात्यावर पडला, आणि खात्याने वर्ष चालू असतानाच आपल्या सगळ्या मंडळांचे पैसे कापले. कालव्यांचेही कापले. कामं रद्द झाली, नोकऱ्या गेल्या, बोटवाल्यांनी देशभर निदर्शनं केली. कालव्याचा त्या घोळाशी काडीचा संबंध नव्हता. त्या वर्षानंतर ‘आपण सरकारी हिशेबाच्या बाहेर पडायला हवं’ ही भावना मंडळाच्या आतच मूळ धरू लागली.

२००९ मध्ये मंडळाने स्वतःच तसा प्रस्ताव मांडला. २०१० च्या मार्चमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तत्त्वतः होकार दिला, मे महिन्यात सरकार बदललं, आणि नव्या आघाडी सरकारने ऑक्टोबरमध्ये धर्मादाय संस्था हे रूप पक्कं केलं. काटकसरीचं राजकारण त्यात नक्की होतं. पण फक्त तेवढंच होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, कारण दोन्ही बाजूच्या पक्षांनी ते उचलून धरलं आणि मागणी कालव्याच्या लोकांकडूनही होती. संसदेच्या मंजुरीने २ जुलै २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे कालवे व नद्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे गेल्या. स्कॉटलंडने आपले कालवे सरकारकडेच ठेवले.

आता करार पाहा, कारण तुमच्या कामाचा भाग हाच आहे.

पहिली गोष्ट, कालवा न्यासाच्या मालकीचा झाला असं सरळ म्हणता येत नाही. खुद्द जलमार्ग, लॉक, पूल, धरणं हे सगळं एका वेगळ्या पायाभूत न्यासात ठेवलं आहे. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट त्याचा विश्वस्त आहे, तो ते देशासाठी सांभाळतो आणि मंत्र्यांच्या संमतीवाचून विकू शकत नाही. उद्या पैशाची तंगी आली म्हणून एखाद्या जलाशयाची जमीन बिल्डरला देता येणार नाही. हे कलम माझ्या मते संपूर्ण व्यवहारातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम आहे.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. ब्रिटिश वॉटरवेजकडे कालव्याकाठच्या जुन्या गोदामांच्या, धक्क्यांच्या, शहरातल्या जमिनींच्या रूपाने ४५ कोटी पौंडांहून जास्त किमतीची भाड्याने दिलेली मालमत्ता होती. २००९ च्या सुमारास अर्थखात्याचा डोळा तिच्यावर होता; ती विकून तिजोरीत पैसे घ्यावेत असा विचार उघडपणे चालला होता. कालव्याच्या लोकांनी त्या वेळी जो आरडाओरडा केला त्याला मी आजही मानतो, कारण ती मालमत्ता गेली असती तर न्यास नावापुरताच राहिला असता. ती न्यासाला कायमनिधी म्हणून मिळाली. ही मालमत्ता विकून दुसरी घेता येते, गुंतवता येते, आणि तिचं उत्पन्न कालव्यातच जातं. त्याशिवाय बोटींच्या परवान्याचे आणि बोटी बांधून ठेवण्याच्या जागांचे पैसे, काठाच्या वाटेखालून फायबर केबल टाकणाऱ्या कंपन्यांचं भाडं, पाण्याची विक्री. ब्रिस्टल शहराला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी ग्लॉस्टर-शार्पनेस कालव्यातून उचललं जातं, हे तिथे राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट अनुदान: १५ वर्षांत मिळून सुमारे ८० कोटी पौंड. पहिली काही वर्षं दरसाल ३.९ कोटी, मग वाढत जाणारं, आणि काही हिस्सा कामाची ठरलेली प्रत राखण्याच्या अटीवर. अलीकडे ते ५.२६ कोटींवर होतं, न्यासाच्या उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा. रक्कम पुरेशी होती का? तेव्हाही बरेच जण नाही म्हणत होते. पण ती लेखी होती, आणि न्यासाचा शिल्लक पैसा ३१ मार्चला कोणी परत मागत नव्हतं. माझ्या कामात फरक पडला तो इथे. एखाद्या भरावाची गळती यंदा मोजायची, दोन वर्षं पाहायची, तिसऱ्या हिवाळ्यात काम काढायचं, असं कागदावर लिहून देता येऊ लागलं आणि ते काम खरंच निघू लागलं.

देणग्यांचं मात्र सुरुवातीला जे चित्र रंगवलं होतं, तसं झालं नाही, आणि त्याचं कारण कोणाचा आळस नाही. नॅशनल ट्रस्टला लाखो सभासद मिळतात कारण सभासदाला वाड्याचं, बागेचं दार तिकिटाशिवाय उघडतं. कालव्याला दार नाही. काठाची वाट सगळ्यांना, चोवीस तास, फुकट खुली आहे, आणि ती तशीच असायला हवी. रोज कुत्रा घेऊन फिरणाऱ्या, सायकलने कामाला जाणाऱ्या माणसाला कालवा रस्त्यासारखा वाटतो. रस्त्याला कोणी देणगी देत नाही. २०१८ नंतर न्यासाने ‘पाण्याकाठी आरोग्य आणि स्वास्थ्य’ या विचारावर भर दिला, नवं बोधचिन्ह आणलं. बोटवाले चिडले, ‘आमचा उल्लेख शेवटी का’ म्हणाले. मला दोन्ही बाजू समजतात. काठावर चालणारे बोटवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि सरकारपुढे त्यांचीच संख्या मांडावी लागते. पण कालव्यात पाणी राहतं ते बोटी चालतात म्हणून. बोटी थांबल्या की गाळ काढायचं निमित्तही संपतं.

स्वयंसेवकांचं खरोखर फळ मिळालं. दरवर्षी लाखो तासांचं काम होतं. लॉकवर निळ्या जॅकेटातले निवृत्त शिक्षक, बसचालक, परिचारिका उभे असतात, प्रवाशांना मदत करतात, रंग देतात, गवत काढतात, पाणी खाली जात असलं तर लगेच फोन करतात. त्या एका फोनने भराव वाचलेला मी पाहिला आहे. पण स्वयंसेवक धरणाच्या सांडव्याखाली काय चाललं आहे ते पाहू शकत नाहीत, आणि पाहावं अशी अपेक्षाही धरू नये.

इथे टॉडब्रुकची गोष्ट येते. डर्बीशरमधल्या व्हेली ब्रिज गावाच्या वर, पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी देण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं मातीचं धरण आहे. १ ऑगस्ट २०१९ ला, मोठ्या पावसानंतर, १९७० च्या सुमारास बांधलेल्या जादा सांडव्याचा काँक्रीटचा थर खचला आणि खालची भरावाची माती वाहून जाऊ लागली. सुमारे १,५०० लोकांना घरं सोडावी लागली. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने खडीच्या पिशव्या त्या खड्ड्यात टाकल्या, अग्निशमन दलाने रात्रंदिवस पंप लावून पाणी उतरवलं, आणि सहा दिवसांनी गावकरी परतले. कोणी दगावलं नाही. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, २ जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं होतं आणि झोपलेली माणसं वाहून गेली होती. त्या आठवड्यात मी दोन्हीकडची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहिली. माती सगळीकडे एकाच नियमाने वागते. फरक पडतो तो कोणी वेळेत पाहिलं का, आणि पाहिल्यावर हुकूम देण्याचा अधिकार कोणाकडे होता, यामुळे.

टॉडब्रुकवर दोन अहवाल आले. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञाने सांडव्याच्या मूळ आराखड्यातला दोष मुख्य मानला आणि वर्षानुवर्षांच्या तुटक देखभालीने तो वाढला असं म्हटलं. न्यासाने नेमलेल्या तज्ज्ञाने देखभालीलाच जास्त दोष दिला. आपणच नेमलेल्या माणसाचा असा अहवाल न्यासाने प्रसिद्ध केला, याचं मला महत्त्व वाटतं. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला त्या दोन्ही अहवालांतून एकच गोष्ट टोचते: तो आराखडा १९७० चा, म्हणजे सरकारी काळातला. २०१२ मध्ये कागदावर सही झाली तेव्हा तो दोषही न्यासाकडे आला, त्याची किंमत न लावता.

यानंतर न्यासाने जलाशयांवरचा खर्च खूप वाढवला. त्यांच्याकडे अशी सत्तरहून जास्त धरणं आहेत, बरीचशी दोनशे वर्षांच्या घरातली. १९७५ च्या जलाशय कायद्यानुसार दर १० वर्षांनी बाहेरच्या स्वतंत्र अभियंत्याने तपासणी करायची असते, आणि त्याने सुरक्षिततेसाठी सांगितलेलं काम करावंच लागतं. पैसा नाही ही सबब चालत नाही. हे असंच असलं पाहिजे. मात्र पैसा एकाच पेटीतून येतो. धरणावर जास्त गेला की गाळ काढणं मागे पडतं, लॉकची दारं आणखी दोन वर्षं ओढली जातात, पुलाची कमान पुढच्या यादीत जाते. आजच्या कालव्यांवरची बरीचशी नाराजी तिथून येते. त्यातून हवामान बदललं आहे: कोरड्या उन्हाळ्यात धरणं रिकामी पडून कालवे बंद ठेवावे लागतात, आणि ओल्या हिवाळ्यात त्याच तडकलेल्या भरावांवर पाणी चढतं. चिकणमातीला सुकणं-भिजणं हे चक्र सगळ्यात वाईट.

आता २०२७. मूळ कराराची मुदत संपण्याआधी पुनरावलोकन करायचं होतं, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने निर्णय जाहीर केला: २०२७ ते २०३७ या दहा वर्षांत मिळून ४०.१ कोटी पौंड, दरवर्षी ५ टक्क्यांनी कमी होत जाणारे, महागाईची भरपाई नाही. न्यासाच्या हिशेबाने खऱ्या किमतीत ही ३० कोटींहून जास्त कपात आहे. सरकारचं म्हणणं असं की न्यासाने आपल्या पायावर उभं राहावं. ऐकायला ते वाजवी वाटतं. पण २०१२ मध्ये जी संपत्ती दिली ती अनुदानाला जोड म्हणून मोजली होती, त्याला पर्याय म्हणून नाही. आणि सरकार अनुदान ५ टक्क्यांनी कमी करू शकतं, गळती ५ टक्क्यांनी कमी करू शकत नाही. एखादा भराव फुटून खालच्या वस्तीत पाणी शिरलं तर हेलिकॉप्टर सरकारचंच येणार, आणि तेव्हाचा खर्च आज वाचवलेल्या पैशाच्या कित्येक पट असणार. सरकारने कालव्यांचं काम सोपवलं, खर्चाचा भार हळूहळू सोडत आहे, पण शेवटची जोखीम त्याच्या अंगावरून कधी गेलीच नाही. ती जाऊही शकत नाही.

तुम्ही ‘जबाबदारी कोणाची’ असंही विचारलं आहे. इथे मला न्यासाच्या पद्धतीत खरी उणीव दिसते. न्यासाच्या परिषदेत बोटवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी आहेत, पण ते थोडे. बहुतेक सदस्य इतर संस्थांनी पाठवलेले किंवा नेमलेले असतात. परिषद विश्वस्त नेमते, आणि कारभार विश्वस्तांचा. संसदेत कोणी कालव्याबद्दल प्रश्न विचारला की मंत्री सांगतात, ती स्वतंत्र संस्था आहे, कारभाराचे निर्णय तिचे. माहिती अधिकार लागू आहे, पण फक्त सरकारकडून आलेल्या कामांपुरता. आणि या संस्थेकडे मोठे अधिकार आहेत. १९८३ च्या कायद्याखाली ती विनापरवाना बोट कालव्यातून उचलून नेऊ शकते. लंडनमध्ये, घरभाडं परवडत नाही म्हणून, हजारो माणसं बोटीत राहतात. १९९५ च्या कायद्यानुसार कायमचा तळ नसलेल्या बोटीने एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त थांबू नये. मुलांची शाळा एका जागी, आई-वडिलांचं काम एका जागी, आणि घर दर पंधरवड्याला हलवायचं. एप्रिल २०२४ पासून अशा बोटींना परवान्याचा जादा दरही लागतो. नियम लागतात हे मला मान्य आहे, धक्क्यावर जागा मर्यादित आहे. पण माणसाचं घर उचलण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे आहे, तिच्यावर मतदाराचा थेट हात नसावा, हे मला पटत नाही, आणि २०१२ मध्ये याचा पुरेसा विचार झाला नाही.

सरकारकडेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं का? स्कॉटलंडकडे पाहा. तिथे २०१८ मध्ये ट्वेचर आणि बॉनीब्रिजचे उचलते पूल दुरुस्तीअभावी बंद झाले आणि फोर्थ-क्लाइड कालव्यावरची आरपार वाहतूक अडली. सरकारने जादा पैसे दिले तेव्हा मार्ग निघाला. खासगी मालकी? ब्रिजवॉटर कालवा १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरणातून सुटला होता आणि आज तो खासगी कंपनीकडे आहे. १ जानेवारी २०२५ ला पुराच्या पाण्याने त्याचा भराव लिटल बॉलिंग्टनजवळ फुटला, आणि दुरुस्तीचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तिथेही लगेच उभा राहिला. मालक कोणीही असो, दोनशे वर्षांची माती आपला हिशेब मागते. मला न्यास या तिघांत बरा वाटतो, कारण त्याचं एकच काम आहे आणि त्याचा पैसा दुसऱ्या खात्याच्या घोळात जात नाही. टेम्स, मेडवे, नेन यांसारख्या नद्यांचा सुमारे १,००० किलोमीटरचा जलमार्ग एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेकडून न्यासाकडे आणायचं दुसऱ्या टप्प्यात ठरलं होतं. बांध-दारांच्या थकलेल्या दुरुस्तीची किंमत आणि तिचे पैसे यावर एकमत झालं नाही, आणि त्या नद्या आजही सरकारी संस्थेकडेच आहेत. न्यासाने डोळे झाकून सही केली नाही, याला मी शहाणपण म्हणतो.

आता तुमच्याकडे. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाच्या कायद्याने तुम्हाला पाणी मोजून घेण्याचा आणि आपसांत वाटण्याचा हक्क दिला. तो इकडच्या बोटवाल्याच्या हक्काहून कितीतरी ठोस आहे, आणि तुमच्याच जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी एकत्र येऊन अख्ख्या धरणाचं पाणी सांभाळून दाखवलं आहे. बापूसाहेब उपाध्ये यांनी ओझरला समाज परिवर्तन केंद्रातून जे उभं केलं, त्यात एक गोष्ट इकडच्या न्यासाकडे नाही: पाणी वापरणारा, पाणीपट्टी भरणारा आणि निर्णय घेणारा माणूस एकच आहे. त्यामुळे जबाबदारीचा प्रश्न तुम्ही आमच्यापेक्षा चांगला सोडवला आहे. पैशाचा नाही. तुमच्या हाती वितरिका आली, पण तिच्यासोबत भाडं देणारी एक गुंठाही जमीन आली नाही.

म्हणून करारनाम्याच्या नूतनीकरणाला बसाल तेव्हा माझं ऐकाल तर आधी संयुक्त पाहणी, म्हणजे तुम्ही आणि सरकारी अभियंते मिळून करायची पाहणी, पुन्हा करून घ्या, आणि नुसती ‘दुरुस्ती आवश्यक’ अशी यादी स्वीकारू नका. प्रत्येक मोरी, प्रत्येक दार, अस्तर उखडलेला प्रत्येक टप्पा, त्याची आजची किंमत आणि किती वर्षांत करावं लागेल ते लिहून घ्या. भराव उंच असेल तिथे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पायथ्याची ओल मोजा. पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं तर ती रात्रीच कळवायची गोष्ट आहे, बैठकीची वाट पाहायची नाही. पाणीपट्टीतला ठरलेला हिस्सा दुरुस्ती निधीत टाका आणि तो मोडायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल असं पोटनियमात घाला, कारण पाऊस बरा झालेल्या वर्षी तो मोडायचा मोह होतो. मुख्य कालवा, जलसेतू, धरण आणि सांडवा यांची जबाबदारी शासनाकडे राहील हे स्पष्ट शब्दांत, जागांच्या क्रमांकांसह करारात असू द्या. अतिवृष्टीत तुमच्या हद्दीतला भराव फुटला तर दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत, हेही. आणि अनुदान वा मदत मिळणार असेल तर रक्कम दर दोन वर्षांनी बांधकाम साहित्याच्या दरांप्रमाणे बदलेल, एवढं एक वाक्य घालून घ्या. कार्यकारी अभियंता हे वाक्य आपल्या अधिकारात नाही म्हणेल. तसं म्हणाला तर ते ज्याच्या अधिकारात आहे त्याचं नाव आणि पद विचारून घ्या, आणि अर्ज त्याच्याकडे द्या.